लग्न झालेलं नाही, मग पॉलिसीत नॉमिनी कोण? नाव निवडण्यापासून पोच मिळेपर्यंतचे टप्पे

नव्या नोकरीचा पहिला दिवस. एचआरकडून फॉर्मचा गठ्ठा हातात पडतो: पीएफ, ग्रुप इन्शुरन्स, पगाराचं बँक खातं. प्रत्येकात नॉमिनीचा रकाना. लग्न झालेलं नसतं, विचार करायला वेळ नसतो, म्हणून आईचं नाव लिहून सही केली जाते. पुढे एजंटकडून टर्म प्लॅन घेतानाही तेच नाव पडतं. त्यानंतर तो रकाना कोणी पुन्हा वाचत नाही.

२०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणात हेच घडलं होतं. अविवाहित असताना मुलाने पॉलिसी काढली आणि आईला नॉमिनी केलं. पुढे लग्न झालं, मूल झालं, पण नॉमिनी बदलायचा राहिला. त्याच्या मृत्यूनंतर सासू-सून समोरासमोर कोर्टात उभ्या राहिल्या. शेवटी आई, पत्नी आणि मूल यांना प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा मिळाला. ज्या पैशांनी घर सावरायचं, त्यांच्यासाठी घरातल्या दोन बायकांना वकील करावा लागला. एक फॉर्म आणि एका पानाचं मृत्युपत्र वेळेवर केलं असतं तर हे बहुधा टळलं असतं.

हा लेख भारतातल्या आयुर्विमा पॉलिसींबद्दल आहे. अविवाहित, घटस्फोटित, जोडीदार गमावलेले, लग्नाशिवाय एकत्र राहणारे अशा सगळ्यांना तो लागू पडतो. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. लोक बहुतेक वेळा पाचव्या टप्प्यापासून, म्हणजे थेट फॉर्म भरण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच चूक होते.

टप्पा १: तुमच्या नावाच्या सगळ्या पॉलिसी एका कागदावर लिहा

नाव निवडण्याआधी हे काम करा. एक कागद घ्या आणि प्रत्येक पॉलिसीसमोर चार गोष्टी लिहा: पॉलिसी नंबर, कंपनी, विम्याची रक्कम, आत्ता नोंदलेला नॉमिनी. चौथा रकाना आठवणीवर भरू नका. पॉलिसीचा कागद किंवा कंपनीचं पोर्टल उघडून बघा.

हमखास विसरल्या जाणाऱ्या पॉलिसी अशा:

- लहानपणी आई-वडिलांनी तुमच्या नावाने काढलेली पॉलिसी. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यावर, पॉलिसीत लिहिलेल्या तारखेला तिची मालकी तुमच्याकडे येते. तोपर्यंत तुम्ही अज्ञान असता आणि नॉमिनी नेमू शकत नाही, त्यामुळे या पॉलिसींमध्ये तो रकाना बऱ्याचदा कोराच सापडतो.
- कंपनीने दिलेला ग्रुप टर्म इन्शुरन्स. त्याच्या नॉमिनीची नोंद एचआरकडे वेगळी असते. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत बदल केला म्हणून ती बदलत नाही.
- पीएफसोबत येणारा ईडीएलआय विमा. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास यातून कमाल ७ लाख रुपये मिळतात आणि ते पीएफच्या नॉमिनीला जातात. याचे नियम वेगळे आहेत, ते शेवटच्या टप्प्यात येतील.
- कर्जासोबत बँकेने गळ्यात घातलेला विमा.

तपासा: एखाद्या पॉलिसीत नॉमिनीच्या जागी काहीच नसेल, तर कागदावर तिच्याभोवती गोल करा. सगळ्यात आधी तिचं काम करायचं आहे.

टप्पा २: तुमच्यानंतर अडचणीत कोण येईल?

आता माणसांचा विचार करा. प्रेम कोणावर जास्त, हा इथला प्रश्न नाही. तुमचा पगार उद्या थांबला तर कोणाचं काय अडेल, एवढंच बघा.

आई-वडिलांचा महिन्याचा खर्च तुम्ही उचलता का? धाकट्या भावंडाची फी भरता का? शैक्षणिक कर्जावर वडील सहकर्जदार आहेत का? सहकर्जदार असतील तर तुमच्यानंतर हप्ता त्यांच्या डोक्यावर येतो, म्हणून कर्जाएवढी रक्कम तरी त्यांच्या हाती पडेल अशी सोय हवी. मित्राच्या कर्जाला किंवा मैत्रिणीसोबत घेतलेल्या घराच्या कर्जाला तुमची सही आहे का, तेही लिहा.

या यादीत एकही नाव आलं नाही आणि कर्जही नाही, तर तुम्हाला मोठ्या कव्हरची गरजच नसेल. तसं असेल तर तेही मान्य करा आणि हप्त्याचे पैसे दुसरीकडे लावा.

टप्पा ३: त्या माणसाशी तुमचं कायद्याने नातं काय?

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

नॉमिनीचे नियम विमा कायदा १९३८ च्या कलम ३९ मध्ये आहेत. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात मोठा फरक पडला. आई-वडील, पती किंवा पत्नी, आणि मुलं यांपैकी कोणाला नॉमिनी केलं, तर ती व्यक्ती त्या पैशांची लाभधारक धरली जाते. एजंट याला ‘बेनिफिशियल नॉमिनी’ म्हणतात.

या यादीत भाऊ नाही, बहीण नाही. भाचा, पुतणी, आत्या, मामा नाहीत. मित्र नाही आणि लिव्ह-इन जोडीदारही नाही. यांच्यापैकी कोणाला नॉमिनी केलं तर कंपनी त्यांच्या खात्यात पैसे जमा करेल, पण ते पैसे त्यांच्या मालकीचे होतीलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच स्पष्ट केलं होतं की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे आणि ते पुढे वारसांना द्यावे लागतात. वरची यादी सोडली तर आजही तेच धरून चालावं लागतं.

विवाहित माणसाचा नॉमिनी बहुतेक वेळा या यादीतलाच असतो. अविवाहितांचं तसं नसतं. आई-वडील गेले की त्यांच्याजवळची सगळी माणसं यादीबाहेरची असतात.

मग वारस कोण? मृत्युपत्र नसेल तर हे वारसा कायदा ठरवतो. हिंदू वारसा कायदा १९५६ हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. त्यात एकट्या माणसांसाठी असं चित्र आहे:

- अविवाहित पुरुष, मूल नाही: आई पहिल्या वर्गातली वारस, म्हणून सगळं आईला. वडील दुसऱ्या वर्गात येतात, त्यामुळे आई हयात असेल तर वडिलांना काही मिळत नाही. आई नसेल तर वडील. दोघंही नसतील तर बहीण-भाऊ.
- अविवाहित स्त्री, मूल नाही: आई आणि वडील दोघांना सारखं. दोघंही नसतील तर वडिलांचे वारस, म्हणजे आधी तिची भावंडं.
- विधवा, मूल नाही: तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांना जातं, तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. आई-वडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता एवढाच याला अपवाद. नवरा गेल्यावर जी मुलगी माहेरी राहिली, कमावती झाली आणि जिने आई-वडिलांना सांभाळलं, तिने ही ओळ दोनदा वाचावी.

ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तींसाठी भारतीय वारसा कायदा १९२५ आहे, मुस्लिमांसाठी त्यांचा वैयक्तिक कायदा. त्यातले हिस्से वेगळे आहेत.

आता एक उदाहरण. अविवाहित भावाने बहिणीला नॉमिनी केलं, आई हयात आहे, मृत्युपत्र नाही. कंपनी बहिणीला पैसे देईल. पण वारस एकटी आई आहे, म्हणून आई ते पैसे बहिणीकडून मागू शकते. गुण्यागोविंदाने राहणाऱ्या घरात हा प्रश्न येत नाही. दुसरा एखादा भाऊ आईला पुढे करतो, तेव्हा येतो.

सावधान: ‘बेनिफिशियल नॉमिनी’ या शब्दावरही पूर्ण विसंबू नका. सुरुवातीला सांगितलेल्या निकालात नॉमिनी आईच होती, तरीही कलम ३९ वारसा कायद्याच्या वर नाही असं म्हणून न्यायालयाने वारसांना वाटा दिला. वेगवेगळ्या न्यायालयांची मतं यावर सारखी नाहीत. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र दोन्हींत एकच नाव असणं सर्वात सुरक्षित.

टप्पा ४: नाव ठरवा

दुसऱ्या टप्प्यातली यादी आणि तिसऱ्या टप्प्यातलं नातं शेजारी ठेवा. पुढे ज्या परिस्थिती वारंवार येतात त्या घेतल्या आहेत.

*आई-वडील.* दोघं हयात असतील तर दोघांचीही नावं हिश्श्यांसह लावा. एकच नाव लावून ‘घरातच राहील’ असं म्हणू नका. दोन नावं असतील आणि एक व्यक्ती तुमच्या आधी गेली, तर कलम ३९ प्रमाणे रक्कम हयात असलेल्या नॉमिनीला मिळते. एकच नाव असेल आणि तीच व्यक्ती आधी गेली, तर नॉमिनी उरतच नाही.

माझ्या अविवाहित आत्याच्या पॉलिसीत नॉमिनी माझी आजी होती. आजी तिच्या आठ वर्षं आधी गेली. आत्याने लाइट बिलावरचं नाव बदललं, गॅस जोडणीचं बदललं, पॉलिसीकडे मात्र तिचं लक्ष गेलं नाही. ती गेल्यावर माझ्या वडिलांना आणि त्यांच्या तीन भावंडांना कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस असल्याचा दाखला, काढावं लागलं. चौघांच्या सह्या, चौघांचे कागद, त्यातले एक काका परदेशात. शेवटची काही वर्षं आत्याची शुश्रूषा माझ्या धाकट्या आत्याने केली होती. तिला काही जास्त मिळावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण कागदावर चौघं सारखे होते. आई-वडिलांचं वय झालं असेल, तर त्यांच्या जोडीला तिसरं नाव आजच लावा.

*भाऊ किंवा बहीण.* नॉमिनी करा, पण मृत्युपत्रासह. नुसतं नॉमिनेशन अर्धवट राहतं.

*भाचा, पुतणी किंवा दुसरं कोणतंही १८ वर्षांखालचं मूल.* अज्ञान मुलाच्या नावाबरोबर अपॉइंटी नेमावा लागतो. मूल सज्ञान होण्याआधी तुमचा मृत्यू झाला तर पैसे अपॉइंटीच्या हाती जातात, म्हणून तो सज्ञान आणि विश्वासाचा हवा. भावाच्या मुलासाठी पैसे ठेवायचे आणि भावाचेच आर्थिक व्यवहार ढासळलेले असतील, तर अपॉइंटी वहिनीला किंवा दुसऱ्या कोणाला करा. भाचा-पुतणी लाभधारकांच्या यादीत नाहीत, तेव्हा इथेही मृत्युपत्र हवंच.

*तुमचं स्वतःचं मूल, आणि तुम्ही एकटे पालक.* मूल लाभधारकांच्या यादीत आहे, कायदेशीर दत्तक मूलही. प्रश्न अपॉइंटीचा असतो. घटस्फोटित आईने अपॉइंटीचा रकाना कोरा सोडला, तर अज्ञान मुलाचा पालक म्हणून मुलाचे वडील पैशांवर हक्क सांगायला येऊ शकतात. ते तुम्हाला चालणार असेल तर ठीक. चालणार नसेल तर आई, बहीण, भाऊ यांपैकी एकाला लेखी नेमा. घटस्फोट झाला म्हणून जुन्या जोडीदाराचं नाव पॉलिसीतून आपोआप निघत नाही, तेही आजच बघून घ्या.

*लिव्ह-इन जोडीदार किंवा मित्र.* कंपनी नात्याचा रकाना विचारते आणि कुटुंबाबाहेरचं नाव का, याचं कारणही मागू शकते. खरं तेच लिहा. ‘कझिन’ किंवा ‘सिस्टर’ असं खोटं नातं लिहिलं, तर क्लेमच्या वेळी ओळखपत्राशी ते जुळत नाही आणि त्या माणसावर नाहक संशय येतो. मृत्युपत्र नसेल तर तुमचे आई-वडील किंवा भावंडं हे पैसे मागू शकतात, ही गोष्ट जोडीदाराला आधीच माहीत असू द्या.

*बौद्धिक अपंगत्व असलेलं भावंड.* नुसतं नॉमिनीचं नाव लावून इथे भागत नाही. पैसे आले तरी ते सांभाळणार कोण? स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली कायदेशीर पालक नेमता येतो. ते काम आधी करा, मग वकिलाकडून खाजगी विश्वस्त संस्था किंवा मृत्युपत्र यापैकी योग्य मार्ग ठरवून घ्या. या एका बाबतीत वकिलाची फी वाचवू नका.

‘मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी अॅक्ट’खाली पॉलिसी घ्या, असा सल्ला मिळाला तर लक्षात ठेवा: १८७४ चा तो कायदा विवाहित पुरुषाने पत्नी आणि मुलांसाठी घेतलेल्या पॉलिसीबद्दल आहे. आई किंवा बहिणीसाठी अविवाहिताला तो वापरता येत नाही.

टप्पा ५: हिस्से आणि फॉर्म

एकापेक्षा जास्त नावं असतील तर प्रत्येकासमोर टक्के लिहा आणि बेरीज १०० होते का ते बघा. तीन नावांना ३३, ३३, ३३ लिहून एक टक्का हवेत सोडू नका. ३४, ३३, ३३ लिहा. ‘पहिली व्यक्ती नसेल तर दुसरी’ असा क्रम ठेवता येईल का, हे कंपनीला विचारून घ्या, कारण प्रत्येकीचा फॉर्म वेगळा असतो.

सगळ्यात वेळखाऊ भानगड नावाच्या स्पेलिंगची. घरात म्हणतात ते नाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावर वेगळं, आधारवर तिसरंच. आई आधारवर ‘सुमनबाई’ असेल तर फॉर्मवर ‘सुमन’ लिहू नका. मधलं नाव वडिलांचं की पतीचं, तेही आधारप्रमाणे. बहिणीचं लग्न झालं असेल तर तिच्या आत्ताच्या आधार आणि पॅनवर जे आडनाव आहे तेच लिहा, माहेरचं आडनाव सवयीने टाकू नका. जन्मतारीख आठवणीवर लिहू नका. आधीच्या पिढीत अनेकांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते आणि घरात साजरा होणारा वाढदिवस वेगळाच असतो.

फॉर्म भरताना नॉमिनीचं आधार समोर ठेवा. त्याचं स्वतःचं, चालू बँक खातं आहे का तेही विचारा. अनेक आयांचं खातं वडिलांसोबत संयुक्त असतं आणि पासबुकावर स्पेलिंग वेगळंच असतं.

सावधान: एजंटला ‘तुम्हीच भरा, मी सही करतो’ म्हणू नका. नॉमिनीचा भाग तरी स्वतःच्या हाताने भरा, आणि ऑनलाइन फॉर्म असेल तर सबमिट करण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा.

टप्पा ६: नोंद झाली का, याची पोच घ्या

नॉमिनेशन दोन मार्गांनी होतं. नवी पॉलिसी घेताना प्रपोजल फॉर्ममध्ये दिलेलं नाव पॉलिसीच्या मजकुरातच येतं. नंतर बदल करायचा असेल तर अर्ज देऊन पॉलिसीवर शेरा मारून घ्यावा लागतो, त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात. पॉलिसीची मुदत संपेपर्यंत हा बदल कितीही वेळा करता येतो आणि त्यासाठी जुन्या नॉमिनीची संमती लागत नाही.

अर्ज दिला म्हणजे काम झालं, असं समजू नका. कंपनीने तो नोंदवायला हवा. नोंद केल्याची लेखी पोच देणं कलम ३९ प्रमाणे कंपनीवर बंधनकारक आहे. कंपनीला लेखी कळवलेलं नसेल आणि तिने नोंदीत असलेल्या नॉमिनीला प्रामाणिकपणे पैसे दिले, तर तिची जबाबदारी तिथे संपते. खिडकीवर अर्ज देऊन शिक्क्याची झेरॉक्स घेतली असेल, तरी दोन आठवड्यांनी पोर्टलवर नवं नाव दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर पुन्हा जा.

तपासा: नवी पॉलिसी हातात आली की पहिल्यांदा नॉमिनीचं पान उघडा. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लूक काळ, म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करण्याची मुदत, असते. एवीतेवी त्या दिवसांत पॉलिसीच्या अटी वाचायच्याच असतात, नावाची चूक त्याच वेळी दुरुस्त करून घ्या.

पॉलिसी कर्जासाठी तारण दिली असेल तर नॉमिनेशन रद्द होत नाही, पण कर्जाची बाकी आधी वळती होते आणि उरलेली रक्कम नॉमिनीला मिळते. कर्जाशिवाय पॉलिसी कोणाच्या नावे पूर्ण असाइन केली असेल, म्हणजे तिचे हक्क लिहून दिले असतील, तर मात्र नॉमिनेशन रद्द होतं.

टप्पा ७: मृत्युपत्र, एका पानाचं का होईना

तरुण, अविवाहित माणूस मृत्युपत्राचं नाव काढलं की हसतो किंवा घरचे रागावतात. पण नॉमिनी भाऊ, बहीण, भाचा, मित्र किंवा जोडीदार असेल, तर याच कागदाने पैसे खऱ्या अर्थाने त्यांचे होतात.

स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहा: तुमचं पूर्ण नाव, वय, पत्ता, शुद्धीवर आणि स्वखुशीने लिहीत असल्याचं वाक्य, आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द, मग ‘अमुक कंपनीच्या अमुक नंबरच्या पॉलिसीतून मिळणारी सर्व रक्कम अमुक व्यक्तीची, तिच्या मालकीची’. हे शेवटचे दोन शब्द, ‘तिच्या मालकीची’, सोडू नका. खाली तारीख आणि सही. दोन साक्षीदारांनी तुमची सही होताना पाहून स्वतः सही करायची. ज्यांना पैसे मिळणार आहेत त्यांना साक्षीदार करू नका. तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि सहज सापडतील असे दोघं निवडा.

पॉलिसी नंबर लिहायचा असल्यामुळे हा टप्पा नोंदीच्या नंतर ठेवला आहे. मुस्लिम व्यक्तींनी एवढं ध्यानात ठेवावं की वारसांच्या संमतीशिवाय मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग मृत्युपत्राने देता येत नाही.

सावधान: मृत्युपत्रानेही नॉमिनेशन बदलतं, असं कायद्यात आहे. पण कंपनीला त्या मृत्युपत्राची माहितीच नसेल, तर ती नोंदीतल्या जुन्या नॉमिनीलाच पैसे देणार. मृत्युपत्रात एक नाव आणि पॉलिसीत दुसरं, असं कधीही ठेवू नका.

टप्पा ८: नॉमिनीला सांगा

विवाहित माणसाच्या कपाटातल्या फायली निदान जोडीदाराला ठाऊक असतात. दुसऱ्या शहरात भाड्याच्या खोलीत एकटं राहणाऱ्याच्या फायली कोणाला ठाऊक असणार? नॉमिनीने मागणीच केली नाही तर पैसे कंपनीकडे पडून राहतात, आणि दहा वर्षं कोणी मागायला आलं नाही तर ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीकडे वर्ग होतात.

पहिल्या टप्प्यातला कागद आता पूर्ण करा. त्यावर नवे नॉमिनी, पॉलिसी कुठे ठेवली आहे, एजंटचा किंवा शाखेचा फोन, मृत्युपत्र कुठे आहे, एवढं लिहा. एक प्रत नॉमिनीला, एक दुसऱ्या विश्वासू माणसाला. फोनमध्ये पासवर्डच्या मागे ठेवलेल्या फाइलचा त्यांना काही उपयोग नाही. ई-इन्शुरन्स अकाऊंट, म्हणजे पॉलिसी डिजिटल स्वरूपात ठेवायचं खातं, उघडलं असेल तर त्यात अधिकृत प्रतिनिधीचं नाव देता येतं. तुमच्यानंतर तो खात्यातली माहिती बघू शकतो, पण पैशांवर त्याचा हक्क नसतो.

आईला हे सांगणं जड जातं, विषय काढला की ती ‘असलं बोलू नकोस’ म्हणते. मग कागद पाकिटात घालून तिच्या हाती द्या आणि ती बँकेची कागदपत्रं जिथे ठेवते तिथेच ठेवायला सांगा.

टप्पा ९: कधी बदलायचं

नॉमिनी गेला, नॉमिनीशी संबंध तुटले, अज्ञान नॉमिनी १८ वर्षांचा झाला, अपॉइंटी गेला, घटस्फोट झाला, मूल दत्तक घेतलं, नवं कर्ज काढलं: यातलं काहीही झालं की त्याच महिन्यात सहावा आणि सातवा टप्पा पुन्हा करा.

आणि लग्न ठरलं तर? पीएफ आणि विमा इथे उलट वागतात आणि त्यामुळे गोंधळ होतो. पीएफमध्ये लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न होताच आपोआप अवैध ठरतं, नवं करावंच लागतं, आणि ईडीएलआयचे पैसेही त्याच नावाच्या मागे जातात. पीएफच्या व्याख्येत भाऊ-बहीण ‘कुटुंबात’ येत नाहीत. त्यामुळे अविवाहित असताना बहिणीचं नाव लावलं असेल, तर ते टिकतं का हे ईपीएफओच्या पोर्टलवर आत्ताच तपासा. आयुर्विम्यात मात्र लग्नाने काहीच बदलत नाही. लग्नाआधीचं नाव पॉलिसीत तसंच राहतं, तुम्ही बदलेपर्यंत.

लग्नानंतर आईचं नाव काढून टाकायलाच हवं असं नाही. ती तुमच्यावर अवलंबून असेल तर तिला आणि जोडीदाराला ठरवून हिस्से द्या, आणि ते दोघांनाही एकत्र बसवून सांगा. विवाह नोंदणीचा दाखला आला की त्याची झेरॉक्स घेऊन आधी पीएफ, मग एचआर, मग प्रत्येक विमा कंपनी, शेवटी मृत्युपत्र, या क्रमाने जा. नवी पोच हातात आली की पहिल्या टप्प्यातला जुना कागद फाडा, आणि त्याच्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून परत घ्या.